वाइनसाठी फळ निवडताना आधी आंबटपणा चाखा

दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एकीत कलिंगडाचा रस, दुसरीत कुस्करलेले प्लम. दोन्हींत साखर घातलेली, दोन्हींत एकाच पाकिटातलं यीस्ट. कलिंगड इतकं गोड होतं की कापताना बोटं चिकट झाली होती. प्लम मात्र नुसते खाल्ले तर डोळे मिटावेत इतके आंबट. तिसऱ्या दिवशी सकाळी कलिंगडाच्या बरणीचं झाकण काढलं तर सडक्या भाजीसारखा वास आला. वर पांढुरका, बुळबुळीत थर धरला होता. प्लमच्या बरणीला भाजायला ठेवलेल्या पावाचा वास येत होता आणि कान जवळ नेला की आतली बारीक फसफस ऐकू येत होती. कलिंगड ओतून द्यावं लागलं. प्लमची वाइन पुढच्या वर्षी उघडली आणि ती उत्तम झाली होती.

द्राक्षं सोडून कशाची वाइन करावी, असं विचारलं की बहुतेक जण गोड फळांची नावं घेतात. साखरेपासून अल्कोहोल होतं, म्हणजे फळ जितकं गोड तितकी वाइन चांगली, असा सरळ हिशोब. तो चुकतो. का चुकतो हे एकदा नीट समजलं, की कोणतंही फळ हातात घेऊन त्याचा अंदाज बांधता येतो.

वाइन होते म्हणजे नेमकं काय होतं?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. ती साखर खाते आणि त्यातून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर टाकते. पावाचं पीठ फुगतं ते याच वायूने. पावात वायू कामाचा आणि अल्कोहोल भट्टीत उडून जातं, वाइनमध्ये अल्कोहोल ठेवायचं आणि वायू जाऊ द्यायचा. हे काम जिवंत पेशी करतात, नुसती रासायनिक झीज होत नाही, हे लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं.

कागदावर १८० ग्रॅम ग्लुकोजचं ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू होतो, म्हणजे जवळजवळ निम्मी साखर बुडबुड्यांतून निघून जाते. घरच्या हिशोबाला एकच आकडा पुरतो: एक लिटरमध्ये १७ ग्रॅम साखर आंबली की सुमारे १ टक्का अल्कोहोल तयार होतं. १२ टक्क्यांची वाइन हवी असेल तर लिटरमागे साधारण २०० ग्रॅम साखर लागते.

द्राक्षातच असं काय आहे?

द्राक्ष म्हणजे आपला सगळा शिधा बांधून आलेला पाहुणा. वाइनसाठीची द्राक्षं तोडणीच्या वेळी २० ते २५ टक्के साखर घेऊन येतात. त्यांच्यात भरपूर आम्ल असतं आणि तेही टार्टरिक आम्ल, जे फार थोड्या फळांत मोठ्या प्रमाणात आढळतं (चिंच हे त्यातलं दुसरं ठळक नाव). सालीत आणि बियांत तुरट टॅनिन असतं. यीस्टला वाढायला लागणारा नायट्रोजनही रसात सहसा पुरेसा असतो. म्हणूनच द्राक्षं नुसती चिरडून ठेवली तरी वाइन होते. पाणी, साखर, आम्ल काही घालावं लागत नाही.

बाकीची फळं येताना काही ना काही मागे ठेवून येतात. सफरचंदात साखर १० ते १३ टक्के, स्ट्रॉबेरीत जेमतेम ५. केळ्याला आंबटपणा नाही, लिंबाला नको इतका आहे. तेव्हा फळ निवडताना विचारायचं ते एवढंच: या फळाने काय आणलं नाही, आणि ते मला भरून काढता येईल का?

गोडी कमी असली तर काय बिघडतं?

फारसं काही नाही. समजा ५ लिटर वाइन करायची आहे आणि २ किलो फळ घेतलं आहे. १२ टक्के अल्कोहोलसाठी एकूण लागेल सुमारे १ किलो साखर. प्लममध्ये १० टक्के साखर धरली तर २ किलोतून २०० ग्रॅम मिळेल, वरून ८०० ग्रॅम घालायची. स्ट्रॉबेरीतून १०० ग्रॅम मिळेल, वरून ९०० घालायची. दुप्पट गोड फळ आणि अर्ध्या गोडीचं फळ यांच्यातला फरक शेवटी १०० ग्रॅम साखरेचा निघाला. ती डब्यातून काढायला अर्धं मिनिट लागतं.

शिवाय ती गोडी वाइनमध्ये उरतच नाही. यीस्ट ती खाऊन टाकतं. ज्या गोडीवर भुलून आपण फळ निवडलं, तीच पहिली नाहीशी होते.

मग उरतं काय?

उरतो आंबटपणा, तुरटपणा आणि वास. वाइन म्हणजे गोडी वजा केलेलं फळ. हे डोक्यात पक्कं बसवायचा एक सोपा उपाय आहे. फळाचा तुकडा तोंडात ठेवा, सावकाश चावा, आणि गोड चव विसरून बाकी काय जाणवतंय तिकडे लक्ष द्या. आंबट प्लम चावला तर जिभेच्या कडा आवळतात, साल तुरट लागते, बराच वेळ वास रेंगाळतो. रासबेरीचंही तसंच. कलिंगडाचा तुकडा चावा आणि गोडी मनातून काढून टाका. मागे थंड पाणी आणि काकडीसारखा एक पुसट वास, एवढंच राहतं.

साखर घातलेल्या पाण्यात लिंबू पिळायचं राहिलं तर ते पिववत नाही, नुसतं गुळमट लागतं. लिंबू पडलं की तेच सरबत होतं. वाइनमध्ये तर साखरही नसते, त्यामुळे आम्ल नसेल तर घोटभर बेचव, किंचित जळजळीत पाणी हाती येतं. चांगल्या वाइनमध्ये लिटरला साधारण ५ ते ७ ग्रॅम आम्ल असतं.

पण चव हे आंबटपणाचं अर्धंच काम. दुसरं काम राखणीचं. रस काढून ठेवला की त्यावर हक्क सांगायला यीस्ट एकटं येत नाही, हवेतले, सालीवरचे, भांड्यावरचे जिवाणूही येतात. यीस्टला आंबट वातावरण चालतं, बहुतेक जिवाणूंना ते सोसत नाही. त्यामुळे आंबट रसात यीस्टला मैदान मोकळं मिळतं. ते चार-सहा दिवसांत अल्कोहोल तयार करतं आणि मग अल्कोहोलही राखणीला उभं राहतं. सगळा धोका असतो तो या पहिल्या काही दिवसांत.

ही आम्लता मोजायचं माप म्हणजे पीएच. आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. वाइनचा पीएच ३.२ ते ३.६ च्या आसपास असावा. कलिंगडाच्या रसाचा असतो ५.२ ते ५.६. म्हणजे दोन अंकांचा फरक, शंभरपट कमी आम्लता. माझी ती पहिली बरणी यीस्ट जागं व्हायच्या आत जिवाणूंनी गिळली होती.

आणखी एक गोष्ट पीएचवर अवलंबून असते. रस स्वच्छ राहावा म्हणून घरी वाइन करणारे बरेच जण त्यात सल्फाइट घालतात. हे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पावडरीच्या किंवा गोळीच्या रूपात मिळतं. साडेचार लिटरला एक गोळी, मग २४ तास थांबून यीस्ट. पण पीएच ३.२ असताना जेवढं सल्फाइट पुरतं, त्याच्या सुमारे सहापट पीएच ४ ला लागतं. म्हणजे कमी आंबट फळाला जंतुरोधक जास्त हवं आणि त्याचा असर मात्र कमी. (ज्यांना दमा आहे त्यांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो. अशांना वाइन देताना ते आधी सांगावं.)

"आम्ल वरून घालता येत नाही का?"

येतं, आणि घालावंही. टार्टरिक, मॅलिक, सायट्रिक ही आम्लं पावडरीच्या रूपात मिळतात. केळ्याची वाइन करायची तर त्याशिवाय गत्यंतरच नाही. २ किलो केळ्यांतून ६ ते ८ ग्रॅम आम्ल येईल, लागणार ३० ग्रॅम. लिंबाच्या रसात ५ ते ६ टक्के सायट्रिक आम्ल असतं, म्हणजे ही तूट लिंबाने भरायची तर जवळजवळ अर्धा लिटर रस ओतावा लागेल आणि मग ती लिंबाची वाइन होईल, केळ्याची राहणार नाही. थोडी कमतरता असेल तर लिंबू ठीक, मोठी असेल तर पावडर.

तरीही आम्ल साखरेइतक्या सहज भरून काढता येत नाही, असं माझं मत आहे. साखर घातली की ती आंबून जाते आणि मागे तिची चव राहत नाही. आम्ल घातलं की ते ग्लासापर्यंत येतं. फळाबरोबर आलेला आंबटपणा त्याच्या वासाशी जुळलेला असतो. वरून घातलेला पुष्कळदा वेगळा उठून दिसतो, विशेषतः पहिले सहा महिने. म्हणून सुरुवात अशा फळाने करावी ज्याला थोडीच मदत लागेल. उलट बाजूही आहे. फार आंबट फळाचा रस पाणी घालून सौम्य करता येतो. साखर आणि पाणी सगळ्यांच्या घरात असतं, त्यामुळे आंबट फळाचे दोष निस्तरणं कायम सोपं जातं.

वास टिकेल का?

आंबटपणाच्या परीक्षेत पास झालेलं फळ पुढच्या परीक्षेत नापास होऊ शकतं. आंबताना बरणीतून दिवसरात्र वायू बाहेर पडतो आणि जाताना वासाचे हलके कण सोबत घेऊन जातो. खोलीत फळाचा सुंदर दरवळ सुटला असेल तर तो बरणीतून गेलेला वास आहे.

स्ट्रॉबेरीचं हे दुःख मी जवळून पाहिलं आहे. लालभडक फळं कुस्करून, जाळीच्या पिशवीत बांधून बरणीत सोडली. चौथ्या दिवशी पिशवी वर काढली तर आतली फळं भिजलेल्या कापसासारखी पांढरी पडली होती. रंग सगळा रसात उतरला होता आणि रस माणकासारखा दिसत होता. सहा महिन्यांनी त्याच बाटल्या विटकरी झाल्या होत्या. स्ट्रॉबेरीचा लाल रंग टिकाऊ नसतो. वासही निम्माच राहिला. वाइन वाईट नव्हती, पण डोळे मिटून प्यायला दिली असती तर स्ट्रॉबेरी ओळखता आली असती की नाही, याची मला खात्री नाही.

रासबेरी, ब्लॅककरंट (एक छोटी काळी आंबट बेरी), पॅशन फ्रूट, अननस यांचा वास दांडगा असतो, तो निम्मा उडाला तरी पुरून उरतो. स्ट्रॉबेरी, कलिंगड, पेअर यांचा नाजूक. नाजूक वासाची फळं घ्यायचीच असतील तर लिटरमागे फळ जास्त घ्यावं, पाणी कमी घालावं आणि बरणी थंड जागी ठेवावी. आंबणं मंद चाललं की वास कमी उडतो.

गढूळ का राहते? पचपचीत का लागते?

फळांच्या पेशींना एकत्र बांधून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ म्हणजे पेक्टिन. जॅम घट्ट होतो तो यामुळेच. सफरचंद, प्लम, पेरू, संत्र्याची साल यांत ते भरपूर असतं. जॅमला जे हवंहवंसं, ते वाइनला नको असतं, कारण त्याने वाइन महिनोन्महिने निवळत नाही. पेक्टिन तोडणारं एन्झाइम पावडरीत मिळतं. ते यीस्टच्या आधी घालायचं, नंतर घातलं तर अल्कोहोलमध्ये त्याचा असर कमी होतो. आणि फळ उकळू नये. उकळल्याने पेक्टिन रसात उतरतं, वासही शिजतो. रस सुटायला हवा असेल तर फळ आधी फ्रीजरमध्ये ठेवून गोठवावं. आतल्या पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात आणि वितळल्यावर फळ आपोआप लिबलिबीत होतं.

पचपचीतपणा बहुधा टॅनिन नसल्याने येतो. यावर जुना उपाय आहे: ५ लिटरला एक कप कडक काळा चहा. दूध-साखर न घातलेला, अर्थातच. आणि यीस्टचं खाद्य म्हणून मिळणारी नायट्रोजनयुक्त पावडर चिमूटभर घालायला विसरू नये. पाणी आणि साखर घालून पातळ केलेल्या रसात यीस्टची उपासमार होते आणि मग बरणीला सडक्या अंड्यांचा वास येऊ लागतो.

काही फळं यीस्टलाच चालत नाहीत

क्रॅनबेरीत बेन्झोइक आम्ल निसर्गतःच असतं. हे परिरक्षक आहे, त्यामुळे तिच्या रसात यीस्ट अडखळतं. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं तेलही यीस्टला मारक असतं आणि आतला पांढरा पापुद्रा कडवट, म्हणून फक्त रस घ्यावा. बाजारातला डबाबंद रस वापरायचा तर लेबल वाचावं. सोडियम बेन्झोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट लिहिलेलं असेल तर तो रस आंबूच नये म्हणून केलेली ती व्यवस्था आहे.

पेअरमध्ये सॉर्बिटॉल नावाची गोडी असते, जी यीस्ट खाऊ शकत नाही. त्यामुळे पेअरची वाइन पूर्ण आंबूनही किंचित गोड लागते. हा दोष नाही, ठाऊक मात्र असावं. प्लम, पीच, चेरी, जर्दाळू यांच्या बिया फोडू नयेत. बियांच्या आतल्या गरात असे घटक असतात ज्यांच्यापासून सायनाइड तयार होतं. बिया काढूनच फळ कुस्करावं. बुरशी लागलेलं फळ कापून वाचवायच्या भानगडीत पडू नये, सरळ टाकून द्यावं.

घरच्या वाइनमधून विषबाधा होते का?

विषारी दारूने माणसं दगावल्याच्या बातम्या वाचल्यावर ही भीती मनात येणं साहजिक आहे, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. त्या बातम्यांमागे मिथेनॉल असतं. हे अल्कोहोलचंच भावंड, पण शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि दृष्टी जाते, जीवही जातो. अशा घटनांत बहुतेक वेळा औद्योगिक मिथेनॉल दारूत मिसळलेलं असतं.

फळांच्या वाइनमध्ये मिथेनॉल अजिबात नसतं, असं मात्र नाही. पेक्टिन तुटताना ते थोडं तयार होतं, आणि वर सांगितलेल्या एन्झाइमने त्यात किंचित भर पडते. द्राक्षांच्या वाइनमध्येही ते असतं. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेने लाल वाइनसाठी लिटरला ४०० मिलिग्रॅम आणि पांढरीसाठी २५० मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली आहे. नीट केलेल्या, नुसत्या आंबवलेल्या वाइनमध्ये ते घातक पातळीला जात नाही, कारण फळातच तेवढं पेक्टिन नसतं. घरी वाइन ऊर्ध्वपातित करून, म्हणजे तापवून तिची वाफ पुन्हा थंड करून, कडक दारू बनवायचा प्रयत्न मात्र कधीही करू नका. त्यात आगीचा धोका आहे, नको ते घटक एकवटण्याचा धोका आहे, आणि अनेक देशांत तो गुन्हा आहे. नुसती वाइन घरी करायलाही परवाना लागतो का, किती करता येते, हे जागोजागी वेगळं असतं. बरणी घ्यायच्या आधी ते बघावं.

घरात खरा अपघात होतो तो बाटली फुटण्याचा. साखर शिल्लक असताना बूच घट्ट बसवलं तर आत वायू साठत जातो आणि काच तडकते. द्रवाची घनता दाखवणारं हायड्रोमीटर नावाचं काचेचं तरंगतं माप यासाठी घ्यावंच. सुरुवातीला ते १.०८५ च्या आसपास दाखवतं, साखर संपल्यावर १.००० च्या खाली जातं. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तोच आकडा आला की मग बाटल्या भराव्यात.

साखर-पाणी घातलेली वाइन ती खरी वाइन का?

कायद्याच्या भाषेत विचाराल तर युरोपीय संघात नुसतं 'वाइन' हे नाव फक्त द्राक्षांच्या पेयाला आहे. बाकीच्यांनी फळाचं नाव जोडायचं. पण साखर घालणं ही लबाडी म्हणावी, तर ती द्राक्षवाल्यांनीही केली आहे. थंड हवेत द्राक्षं पुरती पिकत नाहीत तेव्हा रसात साखर घालण्याच्या पद्धतीला शाप्तालचं नाव मिळालं आहे. ज्यां-आंत्वान शाप्ताल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ, नेपोलियनचे गृहमंत्री. १८०१ मध्ये त्यांनी या पद्धतीचा पुरस्कार केला.

आणि फळं मिसळून आंबवणं तर त्याहून कितीतरी जुनं आहे. चीनमधल्या जियाहू इथे सापडलेल्या सुमारे ९००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळ यांच्या आंबवलेल्या पेयाचे अवशेष मिळाले. त्याचं विश्लेषण २००४ मध्ये प्रसिद्ध झालं.

पहिल्यांदा कोणतं फळ घ्यावं?

मी प्लम सांगेन. आंबटपणा पुरेसा, सालीत टॅनिन, वास टिकाऊ. पेक्टिन जास्त, पण एन्झाइमने भागतं. प्लम मिळत नसतील तर अननस किंवा रासबेरी. आंबट-तुरट जांभळं मिळाली तर तीही, बिया न फोडता. सफरचंदाची वाइन आंबट आणि गोड जात मिसळून केली तर छान होते, एकट्या गोड सफरचंदाची पातळ लागते. आंब्याचा वास मोहवतो, पण गर इतका दाट असतो की बरणीत एक तृतीयांश साका बसतो आणि हाती थोडंच लागतं. तो दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला करावा.

गोड आणि आंबट फळांची जोडीही जमवता येते. प्लमच्या बरणीत दोन पूर्ण पिकलेली, सालीवर काळे ठिपके आलेली केळी कुस्करून घातली तर वाइनला भरीवपणा येतो आणि केळ्याची चव जवळजवळ कळत नाही. कच्चट केळी मात्र नकोत. त्यातल्या पिठूळ स्टार्चची अजून साखर झालेली नसते, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही.

५ लिटरसाठी २ किलो प्लम पुरतात. पाच-सहा दिवसांनी चोथा गाळून रस अरुंद तोंडाच्या बरणीत भरावा, वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही असा एअरलॉक तोंडाला बसवावा आणि तळाशी साका बसला की वरची वाइन नळीने हळूच दुसऱ्या बरणीत उतरवावी. हवा लागत राहिली तर तिचं व्हिनेगर होतं. तीन महिन्यांनी चव घेऊन बघाल तेव्हा प्लमची वाइन टोचेल आणि काहीतरी बिघडलं असं वाटेल. ती ओतून देऊ नका. बाटल्या भरून, तारीख लिहून, अंधारात आडव्या ठेवा आणि पुढच्या वर्षी प्लम पिकतील तेव्हा पहिली उघडा.